पेवातलं चीज

मागच्या महिन्यात आमच्या शेठच्या नातवानं सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ खाण्याचं दुकान काढलं. तिथे सगळ्यावर चीज घालतात. डोशावर चीज, पावभाजीवर चीज, वडापावाच्या पोटात चीज. शेंगाचटणी, जी दह्याशिवाय दुसऱ्या कशात कालवायचं सोलापूरच्या माणसाच्या मनातही येऊ नये, तिच्यावरही किसलेल्या चीजचा ढीग. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शेठच्या टॉवेलच्या कारखान्यात मी सुपरवायझर म्हणून उभी हयात काढली. उद्घाटनाला जुन्या नोकरांना बोलावणं होतं. शेठचं बोलावणं टाळणं मला कधीच जमलेलं नाही, म्हणून गेलो.

शेठनी माईक घेतला. ते म्हणाले, चीजचा आणि आमचा संबंध जुना आहे. आमच्या या सुपरवायझरचे एक घरमालक होते, डोक्यानं जरा सैल. त्यांनी जमिनीत चीज पुरून ठेवलं. ते इतकं कुजलं की नुसत्या वासानं माझा ड्रायव्हर जागच्या जागी आडवा झाला. तेव्हाच मी ठरवलं, आपल्या घरानं लोकांना चांगलं चीज खायला घालायचं. लोक पोट धरून हसले. शेठनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, खोटं वाटत असेल तर यांना विचारा, हे साक्षीला आहेत.

मी मान हलवली. त्या मानेचा मला जो संताप आला आहे, तो निवायच्या आत हे लिहून काढतो आहे.

शेठ ज्यांना सैल म्हणाले, त्यांच्या जुळे सोलापूर भागातल्या घरात मी वरच्या मजल्यावर सहकुटुंब भाड्यानं राहिलो. मी त्यांना मालक म्हणायचो, ते मला टॉवेल म्हणायचे. माणसांची नावं लक्षात ठेवायचा त्यांना कंटाळा होता. माणूस जे काम करतो ते त्याचं नाव, असा हिशेब. समोर राहणारे शिक्षक म्हणजे खडू. गल्लीत रतीब घालणारा दूधवाला म्हणजे पाणी. त्याला याचा फार राग यायचा. मालक म्हणायचे, दूध बदल, नाव बदलतो.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मालवाहू बोटींवर भांडारी म्हणून काढली होती. बोटीवरच्या माणसांना काय खायला मिळेल आणि ते किती दिवस टिकेल, हे पाहायचं काम. ज्या गावाला समुद्र कुठल्याच बाजूनं जवळ नाही तिथला माणूस बोटीवर कसा गेला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, नळाला पाणी येत नव्हतं.

बोटीवरून ते दोन गोष्टी घेऊन आले. एक, कुठल्याही बंद जागेत शिरायच्या आधी दारात थांबायची सवय. कोठीची खोली असो, पाण्याची टाकी असो, झाकण उघडलं की ते बाजूला उभे राहायचे आणि आम्हालाही उभं करायचे. बोटीच्या टाक्यांत घाईनं उतरलेली माणसं त्यांनी पाहिली होती. त्याबद्दल ते जास्त बोलत नसत. दुसरी गोष्ट म्हणजे चीज.

अंगणात अंजिराचं झाड होतं. अंजिरं आमची, आणि पान तोडल्यावर देठातून येणारा चीक त्यांचा, अशी वाटणी होती. शेळीच्या कोमट दुधात त्या चिकाचे थेंब टाकून ते दूध बसवायचे, फडक्यात बांधायचे, आणि ती गाठोडी कपडे वाळत घालायच्या दोरीवर टांगायचे. आमच्या धुतलेल्या शर्टांच्या रांगेत मध्येच ही गाठोडी ठिबकत असायची. दूध द्यायला सांगोल्याकडची एक शेळ्यांवाली बाई यायची. तिच्या शेळ्या त्या दिवशी काय चरल्या, हे मालक तिला पोरांची चौकशी करावी तसं विचारायचे. बाभळीच्या शेंगा खाल्ल्या म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळायचा.

जुनं झालेलं चीज जिन्याखालच्या कपाटात असे. माझी बायको पहिल्या आठवड्यात मला म्हणाली, "अहो, जिन्यात काहीतरी मेलंय."

खालून मालकांचा आवाज आला, "मेलं नाही वहिनी, पिकतंय."

तिनं त्या कपाटासमोर उदबत्ती लावायला सुरुवात केली. मालकांनी ती विझवली नाही, पण उदबत्तीचा वास चीजला लागतो म्हणून कपाटाच्या फटीत चिंध्या कोंबल्या. दोघांचं हे भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि त्यात दोघांनाही मजा येत असावी, कारण पुढे पुढे ती कडक भाकरी करायची तेव्हा दोन जास्त करून खाली पाठवायची.

कडक भाकरीशिवाय जुनं चीज खाणं त्यांना मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, जगात सगळीकडे चीजबरोबर खायला काहीतरी कोरडं, कुरकुरीत शोधतात, आणि सोलापुरात ते घराघरांत डब्यात पडलेलं असतं, फक्त चीज नाही. सुरीनं कापायचं नाही, हातानं मोडायचं. सोबत कांदा, नाहीतर अर्धा कच्चा पेरू. ताजं चीज असेल तर मीठ आणि भाजलेले शेंगदाणे. चहाबरोबर कधीही नाही. आणि फ्रीजमधून काढून लगेच तोंडात टाकणाऱ्याला ते समोरून उठवायचे. गार चीज म्हणजे झोपेतून उठवून माणसाला गाणं म्हणायला लावणं, असं त्यांचं मत.

एकदा माझ्या मुलानं कागदात गुंडाळलेल्या चीजच्या पातळ चकत्या आणल्या. मालकांनी एक मागून घेतली. चकती चावून पाहिली, मग तिचा कागद चावून पाहिला, आणि मुलाला गंभीरपणे विचारलं, "यातलं टाकायचं कुठलं?" डब्यातलं चीज त्यांनी बोटीवर नाइलाजानं खाल्लं होतं. त्याचा एक गुण ते मान्य करायचे. वादळात खाली पडलं तर ते फुटत नाही, आदळून परत वर येतं. पण परदेशातलं म्हणून सगळंच त्यांना आवडे असंही नाही. निळ्या बुरशीचं जे महागडं चीज लोक डोळे मिटून खातात, ते त्यांना जिभेवर बॅटरीचा सेल ठेवल्यासारखं लागायचं. लाजेखातर दोन बंदरांवर आवडलं म्हणालो, तिसऱ्यावर खरं सांगितलं, असं ते म्हणायचे.

या माणसाला गाव वेडा म्हणायचं. टोमॅटोचा सॉस आणि रबरासारखं ताणलं जाणारं पांढरं काहीतरी खाणारी माणसं, ज्याला चीज कळतं त्याला वेडा म्हणतात. असो.

आता पेवाकडे येतो. त्यांचं सगळ्यात आवडतं चीज मेंढीच्या दुधाचं होतं, इटलीच्या एका डोंगरातलं. बोट दुरुस्तीला लागली असताना ते तिकडे गेले होते. तिथले लोक धान्याच्या जुन्या खड्ड्यांत, आतून वाळक्या गवताचं काड लावून, कापडी पिशव्यांत चीज ठेवतात, तोंड लिंपून टाकतात आणि काही महिन्यांनी उघडतात. मालकांनी तो खड्डा पाहिला आणि तिथल्या म्हाताऱ्याला मराठीतच सांगितलं की अरे, हे आमचं पेव आहे. मंगळवेढ्याच्या रस्त्याला त्यांचं थोडं रान होतं आणि रानात आजोबांच्या वेळचं ज्वारीचं पेव होतं. मुरुमात खोल खणलेलं, एका माणसाला जेमतेम उतरता येईल एवढं तोंड, वर फरशी. कित्येक वर्षं ते रिकामं पडून होतं.

निवृत्तीनंतरचा त्यांचा सगळा जीव त्या पेवात होता. काड त्यांनी स्वतः लावलं. मेंढ्यांचं दूध गोळा करून, दोरीवर आणि कपाटात तयार करून, निवडलेले गोळे पिशव्यांत घातले आणि दसऱ्याच्या सुमाराला पेवाचं तोंड लिंपलं. मधे उघडून बघायचं नाही. बघितलं की बिघडतं. हुरड्याच्या दिवसांत उघडायचं ठरलं. ते तीन महिने त्यांनी मला जितक्या वेळा विचारलं की टॉवेल, जमलं असेल का रे, तितक्या वेळा मी मुलाच्या परीक्षेचा निकालही विचारला नसेल.

हुरडा पार्टीला त्यांनी गल्ली बोलावली, रानाजवळच्या गावातली माणसं बोलावली, आणि माझ्या आग्रहावरून आमच्या शेठनाही. शेठ गाडी घेऊन आले. गाडी सिद्धू चालवायचा. अक्कलकोटकडचा, अंगानं दणकट, बोलायला कमी.

पेव उघडायची रीत त्या भागात कुणाला शिकवावी लागत नाही. सकाळी फरशी काढायची आणि लांब व्हायचं. दुपार कलली की पेटलेला कंदील दोरीनं आत सोडायचा. कंदील विझला तर आत हवा वाईट आहे, अजून थांबायचं. जळत राहिला तर कमरेला दोर बांधून माणूस उतरतो. मालकांनी हे सगळ्यांना पुन्हा सांगितलं, फरशी काढली, आणि हुरडा भाजायला माणसं बसवली. शेठ उशिरा आले आणि त्यांना लवकर जायचं होतं. त्यांनी दोनदा विचारलं की कधी दाखवताय. अजून वेळ आहे म्हणून मालक कंदिलात रॉकेल भरायला खोपीत गेले.

तेवढ्यात शेठ सिद्धूला म्हणाले, "कंदिलाची काय वाट बघायची? मोबाईलला बॅटरी आहे की. उतर."

आम्ही दहा-बाराजण तिथे उभे होतो. त्यातले निम्मे शेतकरी. मोबाईलचा उजेड हवेवर जळत नाही, तो कुठेही विझणार नाही, हे आमच्यातल्या प्रत्येकाला कळत होतं. कुणी बोललं नाही. शेठच्या कारखान्यात त्या गावची पोरं कामाला होती.

सिद्धू उतरला. थोड्या वेळानं हाक मारली तर ओ आली नाही. वाकून पाहिलं तर तो खाली कलंडलेला, आणि त्याच्या शेजारी मोबाईल लख्ख उजेड देतोय.

मालक खोपीतून धावत आले. कंदील फेकला, धोतराचा सोगा भिजवून तोंडाला बांधला, दोर स्वतःच्या कमरेला घेतला आणि दम कोंडून खाली गेले. त्या वयात. दुसरा दोर सिद्धूच्या काखेतून बांधून त्यांनी त्याला आधी वर पाठवलं आणि मग स्वतः आले. चीजच्या पिशव्या त्यांच्या पायाशी होत्या. एक उचलून आणायची म्हटली असती तर येत होती. त्यांनी हात लावला नाही. सिद्धूचं डोकं मांडीवर घेऊन ते शेठच्याच गाडीतून, गावातल्या एका पोराला चालवायला बसवून, सिव्हिल हॉस्पिटलला गेले.

मागे राहिलेल्यांत शेठ होते. ते म्हणाले, सडकं चीज आत कोंडून ठेवलं होतं, त्याच्या गॅसनं झालं हे. तोवर गावचे पोलीस पाटील आले. त्यांनी मला विचारलं, कारण मी मालकांचा भाडेकरू आणि शेठचा माणूस. शेठ माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "वास होता खरा."

खोटं बोललो नाही. वास होता. पण कसला, ते पाटलांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नोकरी जाण्याची भीती होती म्हणून तसं बोललो, असं म्हणून मला सुटता येणार नाही. भीती नव्हती. शेठ बघत असले की त्यांना हवं ते बोलायची सवय होती. ज्या कोंडलेल्या हवेला वास नव्हता तिनं माणूस पाडला, आणि ज्या चीजला वास होता त्याच्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून ढकललं. त्या माळावर उभ्या असलेल्या एकाही शेतकऱ्याला ते पटलेलं नव्हतं, आणि एकानंही तोंड उघडलं नाही. त्याच संध्याकाळी ट्रॅक्टरनं मुरूम आणून पेव बुजवलं. एक पिशवीही कुणी वर काढली नाही. कुणी चव घेतली नाही, नाकाजवळ धरली नाही.

सिद्धू वाचला. मालक दुसऱ्या दिवशी रानात गेले आणि सपाट झालेली जमीन बघून परत आले. संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "पाटलाला तू काय सांगितलंस?"

मी सांगितलं, वास होता असं म्हणालो.

"बरोबर आहे. होता," ते म्हणाले आणि आत गेले. शिव्या दिल्या असत्या तर मला त्या घरात पुढे राहणं सोपं गेलं असतं.

त्यानंतर दोरीवर गाठोडं लटकलं नाही. शेळ्यांवाली बाई सवयीनं दूध घेऊन यायची आणि दारात उभी राहून म्हणायची, "मालक, घ्या की. माज्या शेळ्यांनी काय केलंय तुमचं?" ते दूध घ्यायचे आणि त्याचा चहा करून तिला पाजायचे. वर्षभरात घर विकून ते कुर्डुवाडीला मुलीकडे गेले. जावई रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होता. आणि सोलापुरात गोष्ट उरली ती शेठची. वासानं माणूस आडवा झाला. लग्नात, तेराव्याला, कारखान्याच्या दसऱ्याला, जिथे दहा माणसं जमतील तिथे ती सांगितली गेली, आणि मी हजर असलो की शेवटी माझ्याकडे बोट. दर वेळी मी मान हलवली. साक्षीला मलाच उभं करतात, तर ही माझी साक्ष. शेठना पोचावी म्हणून लिहिली आहे.

उद्घाटनाच्या दिवशी सिद्धूही तिथे होता. आता गाडी चालवत नाही, पाय दुखतात. एका कोपऱ्यात चीज डोसा खात बसला होता. मी त्याच्यावर उखडलो. म्हटलं, ज्या माणसानं तुला वर काढलं, त्याच्यावर लोक हसतायत आणि तूही हसतोस.

"शेठ हसले की हसायचं असतंय, साहेब," तो म्हणाला. "तुमी मान हलवलीच की."

मी त्याच्या समोर बसलो. मग मी त्याला ते विचारलं, जे मी इतकी वर्षं त्याच्याबरोबर एका कारखान्यात राहून विचारलं नव्हतं. खाली वास कसला होता?

त्यानं घास खाली ठेवला. "हे मला आजवर कुणीच इचारलं न्हाई," तो म्हणाला. आणि मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी म्हटलं, उद्या माझ्याबरोबर कुर्डुवाडीला चल.

सकाळच्या गाडीनं गेलो. मुलीनं दार उघडलं. मालक ओसरीत खाटेवर बसले होते, अंगानं अर्धे राहिलेले. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मी गाडीत बसून जे जुळवलं होतं ते सगळं बोललो. पाटलासमोर मी काय बोललो, काय बोलायला हवं होतं, शेठ अजून काय सांगत फिरतात, गावाला खरं काय माहीत होतं. बोलताना माझा आवाज चढला. मुलगी आतून बाहेर येऊन उभी राहिली. मालकांनी हात वर केला.

"ते राहू दे," ते म्हणाले. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते सिद्धूकडे बघत होते. "तू खाली पिशवीला हात लावला होतास का?"

"व्हय. डोकं गरगरून तोल गेला तवा तिच्यावरच हात पडला."

"ओली होती का कोरडी?"

"ओली न्हाई, मालक. तुपकट. बोटं अशी तुपकट झाली की दवाखान्यात दोनदा धुतली तरी जाईनात."

"आणि वास?"

"लोनी कढवताना येतो तसा. मी बेसुद व्हायच्या आदी मला वाटलं, कुटंतरी तूप कढतंय."

मालकांनी सिद्धूचा हात ओढून घेतला आणि त्याची बोटं उघडून, वाकून, नाकाजवळ नेली, जणू अजून काही राहिलं असेल. मग हात सोडला आणि मुलीकडे वळले.

"जमलं होतं," ते म्हणाले. "ऐकलंस का? जमलं होतं."